गारपिटीनंतर घराचे छप्पर

(शास्त्रपाठ : उपदेशक १०:१८, लूक १३:१–५, मार्क २:१–१२)



थंडी सरत आली असता, माघ-फाल्गुनाच्या संधीस, आपल्या देशावर कधी कधी गारा पडतात, हे तुम्हां खेडेगावच्या वाचकांस मी सांगावयास नको. ज्वारी काढणीस आलेली असते, हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, आंब्यास मोहोर असतो. आणि अशा वेळी दुपार कलल्यावर ढग काळवंडतो, वारा एकाएकी थंड होतो, व पाव घटकेत वर्षाचे श्रम मातीस मिळतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र ह्या भागांत ठिकठिकाणी अशी गारपीट होत राहिली. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत ती जालना व बुलढाणा ह्या बाजूस पुन्हा झाली. ज्यांनी ती पाहिली त्यांस तिचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांस ते करून समजावयाचे नाही.

गार ओसरली म्हणजे गावात काय घडते ते आठवून पाहा. अंगणात पांढरा सडा पडलेला असतो, पोरे गारा वेचून तोंडात घालतात, आणि मोठी माणसे डोक्यावर पोते घेऊन शेताकडे धावतात. दुसऱ्या दिवशी आडव्या झालेल्या ज्वारीची, फुटलेल्या द्राक्षांची, मेलेल्या शेळ्यामेंढ्यांची मोजदाद होते. ती झालीच पाहिजे. परंतु ज्या गारेने ज्वारीचे ताट मोडले तीच गार घरावरही पडली, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण उघड आहे. शेताचे नुकसान त्याच दिवशी दिसते. छपराचे दिसत नाही. गारपिटीनंतर पुन्हा ऊन पडते, चैत्र-वैशाख कोरडे जातात, घरात एक थेंब येत नाही, आणि घरधनी समजतो की माझे घर वाचले. ते वाचले की नाही हे त्यास मृगात कळावयाचे असते. मध्ये तीन महिने जातात, आणि तेवढ्या अवधीत तो गार विसरून गेलेला असतो.

आज जे वचन आपण पुढे घेतले आहे त्यात ज्ञानी पुरुष छपराच्या दोन दुर्दशा सांगतो. एक त्याचे खाली बसणे व दुसरी त्याचे गळणे. त्यांचे कारण म्हणून तो कोणास पुढे करितो हे नीट पाहा. वादळास नव्हे, गारेस नव्हे, तर घरधन्याच्या स्वस्थ बसलेल्या हातांस. यहूदाच्या डोंगराळ मुलखात पाऊस थंडीतच पडतो. तेथे पावसाळा व हिवाळा निरनिराळे नाहीत, आणि यरुशलेमेस एखाद्या वर्षी हिमही पडते. तेव्हा छपरावर आकाशातून काय काय कोसळते हे त्या लेखकास ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ठाऊक असूनही त्याने आकाशास दोष दिला नाही, ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते.

आकाशावरून आठवले. गारपिटीनंतर आणखी एक गोष्ट गावात घडते, आणि ती आपल्या मंडळ्यांतही शिरली आहे. अमक्याच्या पापामुळे गार पडली, तमक्या घराने देवाचा दशांश दिला नाही म्हणून त्याचेच पीक गेले, अशी कुजबूज चालते. कोणी निर्गमाच्या नवव्या अध्यायातील मिसर देशाच्या गारा पुढे करितो. त्या गारांचा अर्थ देवाने मोशेच्या मुखाने अगोदरच सांगितला होता. आपल्या तालुक्यातील गारांचा अर्थ सांगावयास त्याने कोणास नेमिलेले नाही. आपल्या प्रभूस एकदा अशाच एका आपत्तीविषयी विचारण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्याने शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांची गोष्ट काढिली. ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न त्याने आपणच उभा केला आणि आपणच त्यास नाही म्हटले. मग ऐकणाऱ्यांची दृष्टी त्याने मेलेल्यांवरून काढून त्यांच्या स्वतःवर आणिली.

गार कशी होते हे आज पुष्कळ कळले आहे. थंडीच्या अखेरीस जमीन तापू लागते, समुद्राकडून ओलसर वारा येतो, परंतु उंचावरची हवा अद्याप फार थंड असते. अशा वेळी ओली उष्ण हवा जोराने वर चढते. तिच्यातील थेंब गोठतात, आणि वर चढणारा वारा त्यांस खाली येऊ देत नाही. तितक्यात त्यांवर बर्फाची पुटे चढत जातात. जड झाल्यावर त्या गारा खाली पडतात. मोठी गार फोडून पाहिली तर पुष्कळदा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. हे जाणण्याने देवाचा महिमा कमी होत नाही. मात्र शेजाऱ्यावर दोष ठेवण्याची सोय कमी होते, आणि ते बरेच आहे. गारांनंतर मंडळीने कोणाचे पाप असे विचारीत बसू नये. कोणाचे छप्पर, असे विचारावे.

आता मी माझ्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

२०१४ सालच्या गारपिटीच्या वेळी मी एका लहान मंडळीचा पाळक होतो. त्या मंडळीत एक विधवा आजी होती. तिला शेत नव्हते. ती व तिचा सहा वर्षांचा नातू अशी दोघे मंगलोरी कौलांच्या एका जुन्या घरात राहत. भिंती खाली दगडाच्या व वर कच्च्या विटांच्या होत्या. गारा थांबल्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरोघर भेटी देत तिच्याकडे गेलो. तोवर सहा-सात शेतकऱ्यांच्या बांधांवर उभा राहून मी त्यांच्या याद्या व अर्ज लिहून दिले होते, आणि त्याचे मला थोडे समाधानही वाटत होते. आजीकडे लिहावयास काही नव्हते. शेत नाही तर नुकसान कसले, असे मी समजलो. उंबऱ्यात उभा राहून मी वर पाहिले व विचारले, "गळत नाही ना, आजी?"

ती म्हणाली, "आता पाऊस कुठाय गळायला, पाळकसाहेब?"

ते उत्तर मी ऐकले, पण समजून घेतले नाही. मी प्रार्थना केली, देवाने ह्या घरावर आपली छाया केली म्हणून त्याचे उपकार मानिले, चहा घेतला व निघालो.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली. पाऊस लांबला हे पुष्कळांस आठवत असेल. श्रावणात सरी आल्या तेव्हा आजीच्या चुलीजवळ छतातून थेंब पडू लागला. तिने खाली पातेले ठेविले व मला निरोप पाठविला. मी एका तरुणास घेऊन गेलो, थेंबाच्या बरोबर वरचे कौल काढून त्या जागी नवे बसविले, आणि काम झाले असे मानिले. थेंब थांबला नाही. आजीने पुन्हा निरोप पाठविला. त्या आठवड्यात मला दुसऱ्या गावी एक लग्न लावावयाचे होते. मी पुढल्या आठवड्यात येतो म्हणून कळविले. श्रावणाच्या अखेरीस झड लागली, आणि तिसऱ्या रात्री भिंतीचा वरचा भाग आत कोसळला. आजी चुलीच्या अंगास निजली होती म्हणून वाचली. मुलाच्या उजव्या पायावर विटा व वासा पडला. पाय राहिला, परंतु आखूड राहिला.

उतरविलेली कौले दुसऱ्या दिवशी अंगणात मांडली तेव्हा मी ती एकेक उचलून पाहिली. अकरा कौलांस केसासारखी चीर होती, आणि चिरांच्या कडा धुळीने काळ्या झाल्या होत्या. त्या चिरा कालच्या नव्हत्या, फाल्गुनातल्या होत्या. मी उंबऱ्यात उभा राहून ज्या छपराबद्दल देवाचे उपकार मानिले, ते त्या वेळीच फुटलेले होते. पाणी आढ्याजवळच्या चिरांतून शिरून वाशाच्या पोटावरून ओघळत भिंतीच्या माथ्यापर्यंत जाई व तेथे कच्च्या विटांत मुरे. चुलीजवळ पडणारा थेंब हा त्याचा अगदी थोडा भाग होता.

तेव्हापासून छपराविषयी मी पुष्कळ विचारपूस केली. शाकारणी करणाऱ्या जुन्या माणसांजवळ बसलो, सुतारांजवळ बसलो. जे शिकलो ते तुम्हांपुढे ठेवितो; कोणाच्या उपयोगी पडले तर बरे.

पहिली गोष्ट, ओल्या छपरावर त्याच दिवशी चढू नये. अगोदर आतून पाहावे. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात उभे राहावे, डोळे अंधारास सरावू द्यावे, मग वर पाहावे. जेथे सुईच्या टोकाएवढा उजेड दिसतो तेथे थेंबास वाट आहे. परंतु केसासारख्या चिरेतून उजेड येत नाही. त्याकरिता शिडी लावून कौल बोटाच्या पेराने वाजवावे. चांगले कौल खणखणते, चिरलेले बद्द वाजते. बाजारात मडके घेताना आपल्या बाया हेच करितात, आणि ह्या कामी त्यांचा कान पुरुषांहून तयार असतो असा माझा अनुभव आहे. आढ्यावरची कौले व वळचणीची शेवटली ओळ ह्यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण गारांबरोबर वारा असतो व तो तेथूनच शिरतो.

तरीही संशय राहिला तर पाणी घालून पाहावे. एकाने वर लोट्याने पाणी घालावे, दुसऱ्याने आत उभे राहावे. आरंभ वळचणीकडून करून हळूहळू आढ्याकडे जावे. आढ्यावरच पाणी ओतिले तर ते सर्व छपरावरून वाहते आणि फुटके कौल कोणते हे समजत नाही. चैत्रात टँकरची वाट पाहणाऱ्या गावी हे पाणी कोठून आणावे, असे कोणी म्हणेल. म्हणूनच हे काम गारांच्या आठवड्यातच करावे, विहिरीस थोडे पाणी आहे तोवर.

आणि जे मला ठाऊक नव्हते ते हे, की जेथे थेंब पडतो तेथे भोक असेलच असे नाही. पाणी उताराने वाशावरून, रिपेवरून कितीतरी हात चालत येते व सोयीची जागा सापडली म्हणजे खाली पडते. थेंबाच्या जागेपासून उताराच्या उलट, आढ्याच्या दिशेने शोध केला पाहिजे. सुवार्तिक बंधूंनो, मंडळीच्या कामातही मी ही चूक कितीदा केली आहे! एखादा मनुष्य उपासनेस यावयाचा थांबतो. आपण थेंबाखाली उभे राहून त्यास उपासनेच्या कर्तव्याविषयी उपदेश करितो. चीर असते दूर वर : मुलीच्या लग्नात काढलेल्या कर्जात, किंवा कोण्या वडील मंडळीने चारचौघांत केलेल्या अपमानात. आपण भलतेच कौल बदलतो आणि थेंब का थांबत नाही म्हणून त्याच्यावरच रागावतो.

मंगलोरी कौलांविषयी एक गोष्ट येथे सांगतो, ती आपल्या लोकांस आवडेल. ही कौले करण्याचा कारखाना मंगलोरास बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट नामक जर्मन मिशनऱ्याने १८६५ साली काढिला. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांची जात व तिच्याबरोबर उपजीविका गेली, त्यांस काम मिळावे हा मिशनच्या उद्योगशाळांचा एक हेतू होता. कौलास कौल अडकावे म्हणून त्यांत खाचा असतात, त्यामुळे गावठी नळीच्या कौलांप्रमाणे ती दर वर्षी चाळावी लागत नाहीत. हाच त्यांचा गुण, आणि हेच त्यांच्या धन्यांच्या निष्काळजीपणाचे निमित्त. ज्या घरी दर वर्षी शाकारणी होत असे, त्या घरी निदान वर्षातून एकदा मनुष्याचा हात प्रत्येक कौलास लागत असे.

आता पुष्कळ घरांवर पत्रे आले आहेत. लोखंडी पत्र्यास गारेने पोचे पडतात आणि लोक हसून सोडून देतात. पोच्याच्या जागी जस्ताचे पूट उडाले असेल तर तेथे गंज धरतो. गारांच्या माऱ्याने खिळ्यांखालचे वायसर ढिले होतात. खिळा पत्र्याच्या लाटेच्या माथ्यावर असावा, खोलगट भागात असू नये, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवण्याची चाल आहे; ते दगड उचलून पाहा, गंज तेथेच लपलेला असतो. सिमेंटच्या पत्र्यांविषयी मात्र फार जपावे. गारेने त्यांस बारीक चिरा पडतात आणि वरून ते धडधाकट दिसतात. त्यांवर पाय दिला की मनुष्य थेट खाली येतो. चढावेच लागले तर फळी आडवी टाकून तिच्यावरून चालावे, आणि खाली दुसरा मनुष्य असल्यावाचून चढू नये. त्यांतील पुष्कळ पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टस असते. फुटका पत्रा सुका असता फोडू, कापू किंवा घासू नये. पाणी मारून, तुकडे न करिता उतरवावा. ती धूळ छातीत जाऊन कित्येक वर्षांनी प्राणघातक रोग उत्पन्न करिते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारण असे दिले आहे की कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. तेव्हा छप्पर पाहावयास ज्यास आपण वर चढवितो त्याच्या जिवाचा हिशेब आपणांकडे आहे.

स्लॅबच्या घरांविषयी थोडेच सांगतो. गारांनी झाडांचा सगळा पाला झडतो आणि तो पन्हळीच्या तोंडात जाऊन बसतो. तो काढावा, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

धाब्याच्या घरांकडे मला अधिक वळावयाचे आहे, कारण माझे लहानपण धाब्याखाली गेले, आणि मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील घर आपल्या धाब्यासारखेच होते. गालीलात लाकडी तुळयांवर फांद्या व बोरू अंथरून वर माती चोपीत, आणि पाऊस पडून गेला म्हणजे दगडी रूळ फिरवून ती पुन्हा घट्ट करीत. आपल्याकडे तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला, आणि त्यावर पांढरी माती. पक्षघाती मनुष्यास चौघांनी वरून खाली सोडिले तेव्हा त्यांनी छप्पर कसे उघडिले असेल, हे शहरातील स्लॅबखाली राहणाऱ्या वाचकास समजत नाही; धाब्याखाली राहणाऱ्यास लागलीच समजते. मूळ ग्रीक भाषेत मार्क जो शब्द वापरितो त्याचा अर्थ खणणे असाच आहे. लूक मात्र कौलांचा उल्लेख करितो.

गारांनी धाब्यावर खळगे पडतात. खळग्यांत पुढचे पाणी साचते आणि तेथून माती पोखरते. ह्यावर आपल्या लोकांचा उपाय ठरलेला आहे, तो म्हणजे वर नवी माती टाकणे. बापाने टाकली, आजाने टाकली, आपणही टाकतो. जुनी खाली तशीच राहते. मातीचा थर हाता-हाताने वाढतो, आणि तो भार तुळयांवर व भिंतींवर पडतो. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि असल्याच जड धाब्यांखाली गाडली गेली. त्या घरांनी पिढ्यानपिढ्या पाऊस व ऊन ह्यांपासून राखण केली होती. ज्या मातीने गळणे थांबविले त्याच मातीने घर खाली आणिले. ह्यास्तव धाबे नीट करावयाचे तर अगोदर खळग्याभोवतीची जुनी, पोकळ झालेली माती काढावी, खालच्या तुळईस सुरीचे टोक लावून पाहावे. सुरी सहज आत गेली तर वाळवी किंवा कूज आहे, आणि मग मातीचा प्रश्नच राहत नाही, तुळई बदलावी लागते. काढल्यावाचून टाकू नये. पाळकाने हेच पश्चात्तापाविषयी सांगावयाचे असते, पण ते तुम्ही माझ्याहून चांगले जाणता.

त्या पक्षघाती मनुष्याच्या अध्यायावर मी कितीतरी वेळा उपदेश केला होता. विश्वासाविषयी, मित्रप्रेमाविषयी, पापक्षमेविषयी बोललो होतो. पाय आखूड झालेला तो मुलगा पुढे शब्बाथ शाळेत येऊ लागला, आणि एके दिवशी धडा संपल्यावर त्याने मला विचारले, "पाळकसाहेब, मग त्या माणसाच्या घराचं छप्पर नीट कोणी केलं?"

मी म्हणालो, "शास्त्रात लिहिलेले नाही, बाळा."

तो थोडा वेळ गप्प बसला व म्हणाला, "त्या चौघांनीच केलं असंल. शिडी कुठं आहे ते त्यांनाच ठावं होतं."

ह्याहून अधिक चांगले स्पष्टीकरण मला सेमिनरीत मिळाले नव्हते.

आता मंडळ्यांच्या वडिलांस व सेवकांस एक विनंती आहे. गारपिटीनंतर सरकारी पंचनामे होतात. ज्यास शेत आहे त्याचे नाव यादीत लागलीच येते. ज्यास शेत नाही, ज्याचे सर्व धन डोक्यावरची कौले एवढेच आहे, त्याच्याकडे जाण्यास कोणास सुचत नाही, जसे मला सुचले नाही. पडझड झालेल्या घरांकरिताही मदतीची तरतूद असते. परंतु नुकसान दाखविल्यावाचून ते लिहिले जात नाही, आणि दुरुस्ती झाल्यावर दाखविता येत नाही. तेव्हा फुटकी कौले व पत्रे फेकून न देता अंगणात मांडून ठेवावीत, छायाचित्र काढून ठेवावे, अर्ज लिहून द्यावा. लिहिता येणाऱ्याने न येणाऱ्याच्या दारी जावे. त्याने आपल्या दारी येण्याची वाट पाहू नये.

मंडळीजवळ एक चांगली शिडी, एक जाड फळी, एक दोर व पन्नास-शंभर कौले एवढी सामग्री असावी. ती प्रार्थनामंदिरात ठेवावी. आमच्याकडे पूर्वी शिडी एका गृहस्थाकडे असे, आणि ज्यांचे त्याच्याशी बरे नसे त्यांची घरे गळत. प्रार्थनामंदिराचे छप्परही पाहावे. ते सर्वांचे म्हणून कोणाचेच नसते, आणि मिशनच्या काळच्या सागवानी तुळयांस काही होत नाही हा आपला गैरसमज वाळवीस ठाऊक नाही. हग्गय संदेष्ट्याने आपल्या काळच्या लोकांस विचारिले की तुम्ही फळ्यांनी मढविलेल्या घरांत राहता आणि देवाचे घर ओसाड का. तो प्रश्न आजही घ्यावा. तथापि मी काही मंडळ्या अशाही पाहिल्या आहेत की जेथे मंदिरास रंग व नवे पत्रे चढले, आणि मंदिरामागच्या विधवेच्या घरात पातेली मांडलेली होती. त्यांच्यापुढे हग्गयाने काय म्हटले असते ह्याचा त्यांनीच विचार करावा. पाहणीचा आरंभ ज्या घरी वर चढणारा पुरुष नाही त्या घरापासून करावा. पाळकाचे व वडिलांचे घर शेवटी.

२०२३ च्या मार्चात पुन्हा गारा पडल्या. मी आता दुसऱ्या मंडळीत आहे, परंतु ते गाव दूर नाही. चौथ्या दिवशी मी तेथे गेलो. आजी थकली आहे, तिला आता फारसे दिसत नाही. भिंत २०१४ नंतर भाजक्या विटांची झाली, कौले मात्र जुनीच निवडून घातली आहेत. मुलगा पंधरा वर्षांचा झाला होता. त्याने शिडी अगोदरच मंदिरातून आणवून भिंतीस लावून ठेविली होती. मी म्हणालो, "तू धर, मी चढतो."

तो म्हणाला, "धरायला शेजारचा दादा आहे. मी आत जातो. मला दिसतं कुठून येतंय ते."

त्याने दार लावून घेतले. मी वर चढलो, आणि गारांबरोबर आलेल्या पावसाने आत जो ओला डाग पडला होता त्याच्या अंदाजाने एका कौलावर हात ठेवून वाजविले.

"तिथं नाही, पाळकसाहेब," तो आतून म्हणाला. "अजून वर."